मिश्र माध्यमातल्या चित्राचा कोपरा सुटला, सोनं हिरवं पडलं: काय करावं?

प्रश्न असा आहे. रत्नागिरीत, समुद्रापासून जवळ असलेल्या घरात तीन बाय चार फुटांचं एक चित्र आहे. दोन वर्षांपूर्वी थेट चित्रकर्तीच्या घरून घेतलेलं. कॅनव्हासवर ॲक्रिलिक रंग, त्यात मोडी लिपीतल्या जुन्या जमाखर्चाच्या वहीची पानं, नऊवारीचा जरीकाठ, जांभ्याची तांबडी माती आणि सोनेरी वर्ख. या पावसाळ्यात वहीच्या एका पानाचा कोपरा सुटला आणि वर्ख कडेकडेनं हिरवट पडायला लागला. फ्रेमवाला म्हणतो, फेविकॉलनं कोपरा चिकटवतो, वरून लॅकरचा हात मारतो आणि काच लावून देतो. शिवाय प्रमाणपत्रावर ‘एकमेव कलाकृती’ एवढंच लिहिलंय, त्याला कितपत अर्थ आहे, असंही विचारलं आहे.

फ्रेमवाल्याला आजच थांबवा. गोंद, लॅकर आणि रंगावर टेकलेली काच, तिन्ही गोष्टी एकदा केल्या की मागे घेता येत नाहीत. मग चित्रकर्तीला फोन करा. ती हयात आहे, तुमच्या ओळखीची आहे, तिनं ते चित्र कसं केलं हे तिला अजून आठवत असणार. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक चित्रांच्या बाबतीत ही सोय उरलेली नसते, म्हणून तुम्हाला तिची किंमत आधी सांगते.

मी गेली सव्वीस वर्षं चित्रांच्या जतनाचं आणि दुरुस्तीचं काम करते. साधं तैलचित्र समोर आलं तर त्याच्या अंगात काय असणार याचा अंदाज मला बघूनच येतो: कॅनव्हास, अस्तर, रंग, व्हार्निश. शेकडो वर्षांचा अनुभव त्यामागे असतो. मिश्र माध्यमात तसं नाही. चित्रकार त्या दिवशी हाताशी जे होतं ते घेतो. कधी बाजारातला गोंद, कधी खळ, कधी नुसतं ॲक्रिलिकचं मीडियम, म्हणजे रंगाला बांधून ठेवणारं द्रव्य. कागद आधी भिजवला की कोरडा लावला, रंग कागदाच्या खाली आहे की वर, मातीत काय कालवलं, हे चित्राकडे बघून पुरतं कळत नाही. प्रत्येक चित्र स्वतःपुरती एक पाककृती असते आणि ती बहुतेक वेळा कुठेही लिहिलेली नसते.

एक अनुभव सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मोठं चित्र आलं. कापड, रंग आणि वरच्या अर्ध्या भागावर काळपट थर. मालकांनी सांगितलं, स्वयंपाकघराजवळ लावलं होतं, धूर बसलाय, साफ करून द्या. मी नेहमीप्रमाणे एका कडेला ओल्या बोळ्यानं चाचणी घेतली. काळं सहज निघालं. मी आणखी थोडं पुढे गेले, साधारण दोन बोटं रुंद पट्टा. आणि मग दिसलं की काळ्याच्या खाली रंगच नाही, नुसता पांढरा कॅनव्हास आहे. मळ असा मोकळ्या कॅनव्हासवर नेमका आकार धरून बसत नाही. हात थांबवला, चित्रकाराचा पत्ता शोधला. ते म्हणाले, ती चुलीची काजळी आहे, गावच्या घराच्या आढ्यावरून खरवडून आणलेली, गोंदाच्या पाण्यात कालवून लावली. आई त्याच चुलीवर चाळीस वर्षं स्वयंपाक करत होती. तो दोन बोटांचा पट्टा त्यांनीच पुन्हा लावून दिला, कारण तेवढी काजळी त्यांच्याकडे डबीत शिल्लक होती. ते नसते तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. तेव्हापासून चित्रकार हयात असेल तर त्याच्याशी बोलल्याशिवाय मी बोळा हातात घेत नाही.

आता कोपऱ्याकडे येऊ. तो सुटला यात गोंद वाईट होता असं लगेच समजू नका. कागद हवेतला दमटपणा ओढून फुगतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. गिरणीच्या कागदात तंतू एका दिशेनं पडलेले असतात, त्यांच्या आडव्या दिशेला तो जास्त पसरतो. त्याखालचा ॲक्रिलिकचा थर तेवढा पसरत नाही, पण ओलाव्यानं मऊ पडतो. त्याखालचा कॅनव्हास कधी ढिला होतो, कधी आखडतो. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, मग ऑक्टोबरच्या उन्हात उतरते. तीन थर, तिघांची चाल वेगळी. ही ओढाताण सगळ्यात आधी कुठे दिसणार? जिथे चिकटलेली जागा संपते तिथे, म्हणजे कोपऱ्यात.

आता त्या कोपऱ्यात पांढरा गोंद भरला तर काय होईल ते बघा. फेविकॉलसारखा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, पाण्यात विखुरलेलं. लाकूडकामाला उत्तम, पण तुमच्या पानाला नको, त्याची दोन कारणं आहेत. एक तर त्यातलं पाणी कागदात शिरतं. मोडीतल्या जमाखर्चाची शाई काजळीची असेल तर ती डिंकात बांधलेली असते, पाणी लागलं की पसरते. त्याहून धोका जांभळ्या पेन्सिलीचा. जुन्या हिशेबाच्या कागदांवर आकडे किंवा खुणा अशा पेन्सिलीनं केलेल्या सापडतात, ओली केली की जांभळी उमटणारी. तिच्यात ॲनिलीनचा, म्हणजे पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असतो. एक थेंब पुरतो, अक्षराभोवती जांभळा ढग तयार होतो आणि तो कागदातून परत काढता येत नाही. दुसरं कारण असं की तो कोपरा खूप घट्ट बसतो. पुढच्या पावसात ओढाताण होणारच, मग कोपरा सुटण्याऐवजी कागद गोंदाच्या कडेला फाटतो. सुटलेला कोपरा बसवता येतो, फाटलेलं अक्षर परत येत नाही.

दुरुस्ती करणारा माणूस इथे बहुधा मेथिल सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंपासून केलेला सौम्य चिकट पदार्थ) किंवा गव्हाच्या शुद्ध स्टार्चची खळ वापरेल, अगदी थोडी, घट्टसर, बारीक ब्रशनं. पुन्हा ओलावा दिला की सुटेल अशी. ॲक्रिलिकच्या गुळगुळीत थरावर नुसती खळ नीट धरत नाही, तेव्हा तिच्यात थोडं दुसरं काही मिसळावं लागतं, ते चाचणीनंतर ठरतं. उष्णतेनं चिकटणारी तयार पटलंही मिळतात, पण ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवायची तर हात सरावाचा हवा. घरी खळ करून लावू नका. आपल्याकडचे जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, कारण साध्या खळीवर झुरळं आणि कसर तुटून पडतात. मोरचूद किड्याला थोपवतो खरा, पण त्यातलं तांबं काळाच्या ओघात कागदालाच खातं.

तोवर चित्र भिंतीवरून उतरवा, आतल्या कोरड्या खोलीत पलंगावर किंवा टेबलावर उताणं ठेवा. पंख्याचा झोत थेट त्यावर नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको. कोपरा दाबून बसवायचा मोह होईल, बोट लावू नका. एखादा तुकडा गळून पडला तर कागदाच्या पाकिटात ठेवा, पाकिटावर तारीख आणि तो चित्रात कुठला, ते लिहा. चित्राचे फोटो काढा, एक समोरून आणि एक खोलीत अंधार करून बाजूनं टॉर्चचा तिरपा उजेड पाडून. तिरप्या उजेडात उचललेल्या सगळ्या जागा दिसतात. मला वाटतं, एकच कोपरा सुटलेला नसेल.

वर्खाचं सांगते. खरं सोनं हिरवं पडत नाही. तुमच्या चित्रावरचा वर्ख पितळी आहे, तांबं आणि जस्त यांच्या मिश्रणाचा. त्यात फसवणूक काही नाही, बरेच चित्रकार तोच वापरतात, कारण खऱ्या सोन्याचा वर्ख कितीतरी महाग असतो. तो लावल्यावर वरून शेलॅक (लाखेचा द्राव) किंवा व्हार्निशचा पातळ थर द्यावा लागतो, आणि कडेला तो थर पोहोचला नसेल तर तिथूनच हवा आत शिरते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड, म्हणजे मिठाचे अंश, तांब्याला लवकर पकडतात. बोटांच्या घामातही मीठ असतं. हिरवं झालेल्या जागी बोटाच्या आकाराचे ठसे दिसतात का, तेही पाहून घ्या.

चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही तिकडे नेऊ नका. घरातलं देवाचं तांब्यापितळेचं भांडं घासून उजळतं कारण त्याला जाडी असते. वर्ख केसाच्या जाडीचाही नसतो, घासला की संपला. आणि आम्ल शेजारच्या कागदात उतरतं ते वेगळंच.

पण हे थांबवायचं की नाही, हा प्रश्नही आधी चित्रकर्तीलाच विचारा. कदाचित तिला ते हिरवं हवं असेल. हे मी उगाच म्हणत नाही. एका चित्रात तांब्याचा वर्ख मुद्दाम उघडा सोडलेला होता, काळवंडत, हिरवा होत जावा म्हणून. घरच्यांनी कुणाकडून तरी तो घासून चकचकीत करून घेतला आणि मग चित्र घेऊन माझ्याकडे आले, आता आधीसारखं का वाटत नाही म्हणून. जर्मन चित्रकार आन्सेल्म कीफर यांच्या ‘मार्गारेट’ या १९८१ च्या चित्रात कॅनव्हासवर रंगांसोबत खरा पेंढा आहे. त्यांच्या इतर कामांत शिसं, राख, माती, वाळलेल्या वनस्पती येतात. पेंढा जुना होणार, ठिसूळ होणार. अशा कामात प्रत्येक काडी जागच्या जागी धरून ठेवणं हेच जतन, असं ठामपणे म्हणता येत नाही. मुंबईचे अतुल दोडिया यांनी दुकानांच्या लोखंडी शटरांवर चित्रं रंगवली, शटर वर केलं की मागे दुसरं चित्र दिसतं. ते वर-खाली करायचं म्हणजे रंग घासला जाणार. किती घासलेलं चालेल, याचं उत्तर कुठल्या जतनाच्या पुस्तकात सापडणार? ते चित्रकाराकडेच असतं.

तांबड्या मातीची मात्र काळजी करू नका. जांभ्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि त्याच्याइतके टिकाऊ रंग फार थोडे. अजिंठ्याच्या भिंतींवरचे तांबडे आणि पिवळे रंग याच घराण्यातले. उन्हानं तो उडत नाही, वर्षांनी बदलत नाही. बघायचं एवढंच, की खाली बारीक पूड पडते का. पडत असेल तर मातीत बांधणारं मीडियम कमी पडलंय. रोज झाडणी मारून ती वाढवू नका. चित्रावर कापड फिरवू नका. जरीच्या सुटलेल्या तारेत ते अडकतं आणि पूर्ण काठ उचलला जातो. मऊ, रुंद, कोरडा ब्रश, महिन्यातून एकदा, वरून खाली. बास.

लॅकर का नको, ते आता बरंचसं लक्षात आलं असेल. तुमच्या चित्रात चकचकीत, मंद आणि अगदी कोरडे असे तीन पोत शेजारी शेजारी आहेत आणि चित्र त्या फरकावर उभं आहे. लॅकर कागदात आणि कापडात मुरतो, कागद तेलकट, पारदर्शक दिसायला लागतो, माती गडद होते आणि सगळ्यावर एकच चकाकी येते. वर लॅकरमधली द्रावणं ॲक्रिलिकला मऊ करतात, काही जातींचा लॅकर नंतर पिवळा पडतो. आणि कागदात मुरलेला लॅकर काढायचा कसा, याचा उपाय मलाही माहीत नाही.

काच लावा, पण टेकू देऊ नका. ॲक्रिलिकचा थर उबदार हवेत कायमच थोडा मऊ असतो. त्याला काच किंवा बबल रॅप टेकला की चिकटतो, गोल गोल ठसे उमटतात. ही चूक चित्र हलवताना हमखास होते, कारण बबल रॅप म्हणजे काळजी असं सगळ्यांना वाटतं. तुम्हाला खोल पेटीसारखी फ्रेम हवी, जिच्यात काच आणि चित्राचा सगळ्यात उंच भाग यांच्यात निदान बोटभर अंतर राहील. काचेऐवजी ॲक्रिलिक शीट सुचवली तर नको म्हणा. तिच्यावर पुसताना स्थिर वीज तयार होते आणि सुटलेला वर्ख, मातीची पूड तिच्याकडे ओढली जाते. अतिनील किरण अडवणारी काच मिळाली तर तीच घ्या, जरीकाठाच्या रेशमासाठी ती मोलाची आहे.

फ्रेमच्या मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ लावायची आपल्याकडे पद्धत आहे. दोन्ही लाकडाच्या लगद्याचे, दोन्हींतून आम्ल बाहेर पडतं आणि कोकणात वाळवीला ते आमंत्रणच. पन्हाळीचा प्लास्टिक बोर्ड मिळतो, पॉलिप्रॉपिलीनचा, तो लावून घ्या. आणि एक गोष्ट फ्रेमवाले सहसा सांगत नाहीत: फ्रेम पावसाळ्यात बंद करायची नाही. ज्या दिवशी ती बंद होते त्या दिवसाची हवा आत कोंडली जाते. डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या दिवशी दुपारी बंद करून घ्या. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे चित्र भिंतीपासून सुटं राहील. जांभ्याच्या भिंतीला पावसात ओल येते, म्हणून बाहेरच्या अंगाची, विशेषतः पश्चिमेची भिंत टाळा. डांबराच्या गोळ्या मागे ठेवू नका. समोर थेट ऊन किंवा फोकसचा दिवा नको. कागद आणि कापडाला संग्रहालयात ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे अगदी मंद उजेड देतात, घरात तेवढा अंधार कुणी करणार नाही, पण खिडकीसमोरची जागा सोडली तरी खूप झालं.

आता ‘एकमेव’चं. १९१२ मध्ये पिकासोनं एका लंबगोल चित्रात वेताच्या खुर्चीची जाळी दाखवायला ती रंगवली नाही, तशी जाळी छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि चित्राभोवती दोरखंड गुंडाळला. ते कापड कारखान्यातलं, कुणालाही विकत मिळेल असं. चित्र मात्र एकच. तुमच्या चित्रातही जरीकाठ मागावरचा आहे, तसे शेकडो असतील, ॲक्रिलिक दुकानातलं आहे. एकमेवपण त्या वस्तूंमध्ये शोधू नका, त्या एका हातानं ज्या ठिकाणी आणि ज्या क्रमानं बसवल्या त्यात ते आहे. हे तुमच्या कोपऱ्याशीही जोडलेलं आहे. तो कोपरा गेला तर त्याच वहीचं दुसरं पान आणून लावणं ही दुरुस्ती होईल की नवं काम, हे चित्रकर्तीच सांगू शकते.

तुम्ही थेट तिच्याकडून घेतलंय म्हणून तुम्हाला शंका नको, पण बाजारातून घेणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. ‘मिश्र माध्यम, एकमेव’ म्हणून विकलेली काही चित्रं मुळात कॅनव्हासवर छापलेली असतात, वरून चार फटकारे आणि थोडा वर्ख. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. छापलेल्या जागी रंगीत ठिपक्यांची फवारणी दिसते. आणि तिरप्या उजेडात रंगाचा उंचवटा एका आकाराचा, तर चित्रातला आकार दुसराच, असंही दिसतं.

प्रमाणपत्रावर एका शब्दापेक्षा जास्त हवं: चित्राचा फोटो, नाव, माप, वर्ष, सही आणि साहित्याची पूर्ण यादी. शिवाय तिला सरळ विचारा, याच्या छापील प्रती काढणार का? चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो चित्रकाराकडेच राहतो, लेखी हस्तांतर केलं नसेल तर. तुम्ही पैसे देऊन मुद्दाम करवून घेतलेलं चित्र असतं तर गोष्ट वेगळी, तिथे वेगळा करार नसेल तर पहिला मालक करवून घेणारा ठरतो. तुम्ही तयार चित्र घेतलंय, म्हणजे ती उद्या त्याच्या प्रती काढू शकते आणि त्यात गैर काही नाही. तुम्हाला नको असेल तर बोलून, लिहून घ्या. त्याच कायद्यात चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. आणि चित्र तुमचं असलं तरी त्याची मोडतोड करण्याचा हक्क तुमचा नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं, तुकडे झाले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाईही दिली.

चित्रकर्तीशी बोलताना फोन रेकॉर्डिंगवर ठेवा, अर्थात तिला सांगून. पानं खरी की झेरॉक्स, कुठली, त्यावर जांभळी पेन्सिल आहे का. गोंद कोणता. काठ रेशमाचा की सुती, जरीची तार खरी की प्लास्टिकची. मातीत काय कालवलं. वर्खावर काही थर दिलाय का, कुठपर्यंत. आणि मग: काय बदललेलं तुला चालेल, काय नाही? हा प्रश्न विचारल्यावर थोडं थांबा, बोलू द्या. माझा अनुभव असा की आधी सगळे चित्रकार ‘काहीच बदलू नये’ म्हणतात आणि दहा मिनिटांनी स्वतःच सांगतात की हे एवढं फिकं पडलं तरी चालेल, पण ते काळं हललं तर चित्र राहणार नाही.

ते रेकॉर्डिंग कागदावर उतरवून तिची सही घ्या आणि फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवा, एक प्रत वेगळी. मग जतनाचं काम करणाऱ्याकडे जा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं केंद्र आहे, तिथे सल्ला मागता येईल. चित्र न्यायचं तर दिवाळीनंतर न्या, हवा कोरडी झाल्यावर, उताणं, पेटीत, वर काही न टेकवता. घाटातून जाताना पेटी गाडीत सपाट ठेवा, उभी नको. तिरप्या उजेडातले फोटो मला आधी पाठवा, विशेषतः सुटलेल्या पानाच्या शेजारच्या पानांचे. तिथे कागद पोकळ वाजतो का ते बघायला मात्र टिचकी मारू नका.